समोर नसलेल्या श्रोत्यासाठी

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलो की माळेगाव मागे टाकून आपण कोऱ्हाळे बुद्रुकला पोहोचतो. नीरा डाव्या कालव्यावर जगणारा हा पट्टा. १८८०च्या दशकात कालव्याला पाणी आले आणि पुढच्या पिढ्यांत ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसामागोमाग गुऱ्हाळे आली, साखर कारखाने आले, हाती पैसा खेळू लागला. मग लग्नाच्या मांडवात, यात्रेत, गणपतीत ध्वनिक्षेपकाचा कर्णा वाजू लागला. कर्णेवाल्याच्या पेटीत काळ्या तबकड्यांची चवड असायची. मुंबईच्या एका बंद खोलीत कुणीतरी तीन मिनिटांत गायलेले गाणे घाट चढून उसाच्या फडापर्यंत यायचे.

त्याआधी या भागात गाणे माणसाबरोबरच यायचे. मोरोपंत बारामतीत राहिले, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी आर्या रचल्या आणि १७९४मध्ये ते गेले. त्यांच्या आर्या गावोगाव नेल्या त्या कीर्तनकारांनी. वासुदेव, गोंधळी, शाहीर, तमाशाचे फड, सगळे स्वतःच्या पायांनी येत. ऐकणारा समोर बसलेला असे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून गाणारा गाणे वाढवी, आवरते घेई, एखादी ओळ पुन्हा म्हणे. तबकडीने हा संबंध तोडला. गायक मायक्रोफोनसमोर उभा राहिला आणि श्रोता कुठल्या कुठे गेला. मधल्या रिकाम्या जागेत एक नवा माणूस येऊन बसला. तो गात नाही, वाजवत नाही, बहुतेक वेळा चालही लावत नाही. काय मुद्रित करायचे, कुणाकडून, कोणत्या साथीने, कितीदा आणि कुठे थांबायचे, हे तो ठरवतो. आपण त्याला रेकॉर्डचा निर्माता म्हणतो.

कालव्याच्या मुलखातल्या माणसाला हे काम चटकन समजेल. पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याची परीक्षा कालव्याच्या मुखाजवळच्या शेतावर होत नाही. टेलच्या, अगदी शेवटच्या चारीवरच्या रानात पाणी पोहोचले की नाही, यावर ती होते. रेकॉर्डच्या निर्मात्याची परीक्षाही तशी टेललाच होते.

अमेरिकेत जॅझ आणि रिदम अँड ब्लूजच्या इतिहासात अशा निर्मात्यांची नावे गायकांच्या बरोबरीने घेतली जातात. जॉन हॅमंड, जेरी वेक्सलर, टीओ मॅसेरो यांच्यावर ग्रंथ आहेत, माहितीपट आहेत. आपल्याकडेही असा एक माणूस होता. तो मराठी होता आणि स्वतः उत्तम गायक होता. त्याच्या हाताखाली तयार झालेली एक एलपी जगभर वाजली. गोविंद नारायण जोशी, म्हणजेच जी. एन. जोशी, हे त्याचे नाव. जुन्या पिढीला ते भावगीत गायक म्हणून आठवतात. त्यांचे दुसरे आणि अधिक लांबवर पोहोचलेले काम मात्र आपल्या नजरेआड राहिले आहे.

गळ्याकडून कानाकडे

जोशींचा जन्म १९०९चा. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्मही त्याच वर्षीचा. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घं.ची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जोशींनी १९३०च्या दशकाच्या आरंभी गायली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथूनच करतात. त्या काळी घराघरात ऐकू येई ते नाट्यसंगीत. ते रंगभूमीसाठी घडलेले, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवे म्हणून आवाज मोकळा सोडून गायलेले. भावगीताला शेवटची रांग नव्हती. मायक्रोफोन ओठांजवळ आला होता आणि विजेच्या साहाय्याने होणारे ध्वनिमुद्रण १९२५नंतर रूढ झाले होते. त्यामुळे कुजबुजीएवढा हळवा स्वरही तबकडीवर उतरू लागला होता. एका माणसाने एका माणसाला सांगावे तसे हे गाणे होते. ते या यंत्राशिवाय जन्मलेच नसते.

त्याच काळात धारवाडकडची एक तरुण गायिका एचएमव्ही कंपनीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हंगल’ या नावाने गात होती. जोशींबरोबर तिची मराठी द्वंद्वगीते निघाली आणि ती गाजली. पुढे किराणा घराण्याच्या गंगूबाई हंगल म्हणून देशाने जिला वंदन केले, तीच ही गायिका. तबकडीच्या जगात कोण कुठून कुठे जाते, याची जोशींना अशी आतून ओळख होती.

ते कायद्याचे पदवीधर. वकिलीचा सरळ रस्ता समोर होता. १९३८मध्ये त्यांनी एचएमव्हीची नोकरी पत्करली आणि ध्वनिमुद्रण विभागात रुजू झाले. पुढची तीन दशके त्यांनी दुसऱ्यांचे गाणे ऐकण्यात घालवली. गाता गळा असलेल्या माणसाने ऐकण्याचे काम पोटापाण्यासाठी आणि आवडीने पत्करावे, ही मला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना वाटते. मायक्रोफोनसमोर घसा कसा कोरडा पडतो, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. ‘पुन्हा एकदा घेऊ’ हे शब्द गायकाला किती जड जातात, हेही त्यांना माहीत होते. काचेपलीकडे बसून हुकूम देणारा माणूस आणि काचेअलीकडचा कलावंत, या दोन्ही जागा त्यांनी पाहिल्या होत्या.

तीन मिनिटांची शिस्त

जोशी एचएमव्हीत गेले तेव्हा मुद्रण मेणाच्या जाड चकतीवर होई. सुई त्या मेणात स्वराची खाच कोरत जाई. ही चकती लगेच वाजवून पाहता येत नसे, कारण वाजवली की खाच बिघडे आणि पुढच्या साच्याला ती निकामी होई. मग ती कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात जाई, तिच्यावरून धातूचा साचा निघे आणि नमुन्याची तबकडी हाती आल्यावरच गाणे कसे उतरले ते कळे. मधली एखादी चूक कापून काढण्याची सोय नव्हती. शेवटच्या ओळीला तबलजीचा हात चुकला तर सगळे पहिल्यापासून.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावत. तासभर ख्याल मांडणाऱ्या कलावंताला एवढ्या वेळात राग उभा करायला सांगणे सोपे काम नव्हते. आलाप किती, बंदिश कधी, तान कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची, हे आधी ठरवावे लागे. घड्याळ बघून गाणे हा अपमान आहे असे वाटणारे कलावंत होते. त्यांना पटवायचे, त्यांचा मान राखायचा, साथीदार जमवायचे, तालमी करून घ्यायच्या आणि मेणाची चकती फिरू लागल्यावर खोलीत गाण्याखेरीज दुसरा आवाज होणार नाही हे पाहायचे. निर्मात्याचे काम म्हणजे हे सगळे.

या तीन मिनिटांची ताकद केवढी होती, याची साक्ष भीमसेन जोशींच्या बालपणात आहे. गदगच्या या मुलाने अब्दुल करीम खाँ यांच्या ठुमरीची तबकडी ऐकली आणि त्या आवाजाने तो झपाटला. १९३३मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. खाँसाहेबांनी ती ठुमरी गायली तेव्हा हा मुलगा त्यांच्या गावीही नव्हता. एका समोर नसलेल्या श्रोत्याने तबकडीतून दीक्षा घेतली. पुढे १९४०च्या दशकात एचएमव्हीने याच भीमसेनांची पहिली तबकडी काढली. त्या वेळी जोशी कंपनीत होते.

तबकडी ज्या लाखेची बने ती लाखही आपल्याच देशाची. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी राळ सोडतात, ती साफ करून जगभरच्या कंपन्या वापरत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली आणि तबकड्यांचे उत्पादन आक्रसले. काय छापायचे आणि काय थांबवायचे, ही निवड अशा वेळी आणखी कडक झाली.

मग १९५०च्या दशकात टेप आली आणि त्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे एलपी आली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. ख्यालगायक अमीर खाँ यांचा अतिविलंबित झुमरा तालातला ख्याल तीन मिनिटांत मावणे शक्यच नव्हते. १९६०च्या त्यांच्या एलपीत एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आला. खाँसाहेब मुद्रणाच्या बाबतीत चोखंदळ होते. त्यांच्या हयातीत निघालेल्या एलपी मोजक्याच आहेत. आज मारव्याची संध्याकाळ म्हटले की हजारो लोकांच्या कानात तीच बाजू वाजते. यातले बहुतेक जण खाँसाहेबांच्या मैफलीला कधीच गेले नव्हते.

सातासमुद्रापलीकडचे सहप्रवासी

जोशी मुंबईत जे करत होते तेच काम त्याच वर्षांत अमेरिकेत कोण, कसे करत होते ते पाहिले की त्यांची उंची नीट कळते.

जॉन हॅमंड श्रीमंत घरातला गोरा मुलगा. त्याने आयुष्य काळ्या संगीतकारांच्या संगीताला वाहिले. १९३३च्या नोव्हेंबरमध्ये त्याने ब्लूज गायिका बेसी स्मिथची अखेरची तबकडी मुद्रित केली आणि त्याच महिन्यात जॅझ गायिका बिली हॉलिडेची पहिली. १९३६मध्ये शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर त्याला कॅन्सस सिटीहून येणारा काउंट बेसीचा वाद्यवृंद ऐकू आला आणि तो त्याच्या शोधात निघाला. उत्तम निर्माता आधी स्वतः दूरचा श्रोता असतो, हे या प्रसंगातून दिसते.

जेरी वेक्सलर हा ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाचा वार्ताहर. काळ्या लोकांच्या तबकड्यांची यादी तिथे ‘रेस रेकॉर्ड्‌स’ या अपमानकारक नावाने छापली जाई. १९४९मध्ये ते नाव बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ झाले, ते वेक्सलरच्या सूचनेवरून. पुढे अटलांटिक कंपनीत तो निर्माता झाला. गायिका ॲरेथा फ्रँकलिन त्याआधी कोलंबिया कंपनीत सहा वर्षे होती. तिला हॅमंडनेच तिथे आणले होते, पण तिच्या आवाजाला साजेसे घर तिथे मिळाले नाही. १९६७च्या जानेवारीत वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्सच्या लहानशा स्टुडिओत घेऊन गेला आणि तिला पियानोपाशी बसवले. चर्चमध्ये ती जशी स्वतः वाजवत गाई तशीच. त्या दिवशी एकच गाणे पूर्ण झाले. नंतर भांडण झाले, मुद्रण मोडले, उरलेले काम न्यूयॉर्कला करावे लागले. पण त्या एका गाण्याने ॲरेथाला तिचा सूर सापडला. कलावंताकडे जे आधीपासून आहे ते ओळखून त्याच्यासमोर ठेवायचे, एवढेच वेक्सलरने केले. ऐकायला हे सोपे वाटते. कोलंबियाच्या जाणत्या मंडळींना ते सहा वर्षांत जमले नव्हते.

तिसरा टीओ मॅसेरो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६९च्या ‘इन अ सायलेंट वे’साठी त्याने टेपचे तुकडे कापून पुन्हा जोडले, सुरुवातीचा भाग शेवटी परत आणला आणि मूळ वादनाला नवा आकार दिला.

मुंबईची तुतारी आणि सॅक्सोफोन

जॅझ आपल्याकडे परके नव्हते. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे वादक वाजवत होते. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेले तरुण त्यांच्याकडून आणि तबकड्यांवरून ही कला उचलत होते. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने त्याची कीर्ती झाली आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला आपल्या वाद्यवृंदात घेतले. १९५१च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त त्या संगतीचा झोक ऐकू येतो. तंबूतल्या सिनेमातून आणि मांडवातल्या कर्ण्यावरून हा ताल गावोगाव गेला. त्याला जॅझ म्हणतात हे माहीत नसतानाही पाय त्यावर ठेका धरत होते.

सिनेमाच्या या धबडग्यात मुंबईत एक मोठी वादकांची फौज तयार झाली होती. गोव्याचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले, बंगालचे, उत्तरेचे, महाराष्ट्राचे वादक एकाच स्टुडिओत शेजारी बसत. १९६८मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही एलपी आली. त्यात रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि अकरा राग होते. एकमेकांच्या वाद्यांची इतकी जवळून ओळख असलेले लोक जगात फार थोड्या शहरांत असतील. जोशींना जे करायचे होते त्याला ही मुंबईच लागणार होती.

मेंढपाळाचा एक दिवस

१९६७. मसल शोल्समध्ये वेक्सलरने ॲरेथाला पियानोपाशी बसवले ते हेच वर्ष. मुंबईत एचएमव्हीसाठी एक एलपी मुद्रित झाली, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. निर्माते जी. एन. जोशी. संतूर शिवकुमार शर्मा यांचे, बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची, गिटार ब्रिजभूषण काबरा यांचे आणि तबला माणिकराव पोपटकर यांचा.

या निवडीतले धाडस आज पटकन लक्षात येत नाही. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले वाद्य. त्यावर मींड येत नाही, मग राग कसा वाजवणार, असा आक्षेप शिवकुमारांना अनेक वर्षे ऐकावा लागला. गिटार तर परदेशी. ते मांडीवर आडवे ठेवून, तारांवर पट्टी सरकवत अली अकबर खाँ यांच्या तालमीत रागदारी वाजवणारे काबरा एकटेच म्हणावे असे होते. बासरीला पन्नालाल घोष यांनी मैफलीत मान मिळवून दिला होता, पण ते १९६०मध्ये गेले आणि हरिप्रसादांची खरी कीर्ती अजून पुढे होती. कटकच्या आकाशवाणीवरून बदलून आलेले ते मुंबईच्या सिनेमा स्टुडिओत राबत होते. तिघेही ऐन तरुण. नामवंत गायकांच्या आणि सतार-सरोदच्या दिग्गजांच्या तबकड्या खपवणाऱ्या कंपनीने या तिघांवर एक अख्खी एलपी लावायची, हा निर्मात्याचा कौल होता.

जुगलबंदीत दोन वादक एकमेकांशी बोलतात, कधी झुंजतात. इथे तीन वाद्ये एक गोष्ट सांगतात. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा आणि त्याच्या प्रेयसीचा एक दिवस. पहाटे अहीर भैरव, मग नट भैरव, दुपारी पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. वेळेप्रमाणे राग ही आपल्या संगीताची जुनी शिस्त. मैफलीत एका बैठकीला एकच प्रहर मिळतो, म्हणून सगळा दिवस एका बैठकीत ऐकता येत नाही. एलपीच्या चाळीसेक मिनिटांत मात्र पहाट ते रात्र मांडता येते. नव्या यंत्राने दिलेली सोय आणि परंपरेचे घड्याळ इथे एकमेकांच्या कामी आले.

ही तबकडी लावून बसलो की मला नेहमी एक गोष्ट जाणवते. तिथे कुणीही स्वतःची तयारी दाखवायला बसलेला नाही. संतूरच्या थेंबांमधल्या फटी गिटारची लांब मींड भरून काढते, बासरी दोघांच्या वरून जाते, तबला गरजेपुरता येतो आणि बाजूला होतो. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली आहे. ती सोडायला लावणारा आणि सोडल्यावर ‘हे पुरे’ असे म्हणणारा कुणीतरी खोलीत होता.

परदेशात ती वाजू लागली तेव्हा तिथला श्रोताही तयार होता. कॅलिफोर्नियात रिचर्ड बॉक या जॅझच्या निर्मात्याने आपल्या कंपनीतून रविशंकरांच्या तबकड्या काढल्या होत्या. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६५मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले होते. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसारख्यांची आवडती झाली. भारतीय संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्या कितीतरी परदेशी माणसांनी सुरुवात तिच्यापासून केली. रागाचे नाव, वेळ, ताल यांतले काहीच माहीत नसले तरी आत यायला दार उघडे राहील, अशी ती रचली होती. आणि आतल्या माणसाला ती उथळ वाटली नाही. दोन्ही टोकांच्या श्रोत्यांना एकाच वेळी राखणे हे निर्मात्याच्या कामातले सर्वांत अवघड कलम आहे. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांची जोडी पुढे ‘शिव-हरी’ म्हणून सिनेमातही गेली, १९८१चा ‘सिलसिला’ त्यांचाच.

नाव कुठे लिहायचे?

जोशींनी आपल्या आठवणी मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या. इंग्रजीत १९८४मध्ये ‘डाउन मेलडी लेन’ आले. त्यांत मोठमोठे कलावंत घरातल्या माणसांसारखे वावरतात. गाणाऱ्याबद्दल इतक्या मायेने आणि इतक्या बारीक कानाने लिहिणारी पुस्तके आपल्याकडे थोडी आहेत.

तरीही ७८च्या तबकड्यांकडे पाहा. लेबलवर गायकाचे नाव आहे, कवीचे आहे, संगीतकाराचे आहे, नंबर आहे. निर्मात्याचे नाव नाही. त्या काळी ती रीतच नव्हती. त्यामुळे तीस वर्षांत या माणसाने काय निवडले, कुणाला पुन्हा पुन्हा जाऊन मनवले, कुणाच्या हलक्या आवाजाला मायक्रोफोनजवळ जागा दिली, हे आज जुळवून काढावे लागते. अमेरिकेत वेक्सलरच्या एका दिवसाच्या मुद्रणावर लेखांमागून लेख आहेत. आपल्याकडे संतूरचा उल्लेख झाला की शिवकुमारांचे नाव येते, बासरीला हरिप्रसादांचे येते, आणि ते रास्तच आहे. त्या तिघांना एका खोलीत आणणाऱ्या मराठी माणसाचे नाव मात्र त्याच दमात यायला हवे.

जुने मुद्रण जपणारी माणसे आपल्यात आहेत. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. तबकड्यांचे नंबर, तारखा, गायकांची खरी-खोटी नावे जुळवण्याचे चिकाटीचे काम या मंडळींनी केले. ते काम शहरातल्या संग्राहकांवर सोडून भागणार नाही. कर्णेवाल्यांच्या पेट्या बारामती, इंदापूर, फलटण अशा भागांत गावोगाव होत्या. कर्णे गेले, कॅसेट आली, सीडी आली, आता सगळे मोबाइलवर आहे. पण माळ्यावर, कणगीमागे, जुन्या ट्रंकेत काही तबकड्या अजून असतील. त्या भंगारात घालण्याआधी त्यांच्यावरचे नाव, नंबर आणि कंपनी वहीत उतरवून घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की ही कुणी आणली, कुठे वाजली, कुणाला आवडायची. गायकाची बाजू इतिहासाने बऱ्यापैकी लिहिली आहे, निर्मात्याची थोडी. ऐकणाऱ्याची बाजू कुणीच लिहिलेली नाही, आणि ती फक्त अशा गावांतच लिहिता येईल.

जोशींनी गाणे सोडले नव्हते. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी कधीही न भेटणाऱ्या माणसांच्या वतीने ऐकण्यात घालवला. कोऱ्हाळ्यातल्या मांडवात वाजलेल्या तबकडीपासून हॅरिसनच्या घरातल्या एलपीपर्यंत ज्यांच्यापर्यंत ते ऐकणे पोहोचले, त्या सगळ्यांच्या वतीने त्यांचे नाव मराठी संगीताच्या इतिहासात गायक म्हणून आणि निर्माता म्हणून, असे दोनदा लिहायला हवे.